सासऱ्यांची मिलो आणि माझी नाचणी

कुळीथपिठी

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, सासर करमाळ्याकडचं आणि घर पुण्यात. म्हणजे ताटात काय वाढायचं यावर रोज वाटाघाटी. इतकी वर्षं त्या बऱ्या चालल्या होत्या. मला प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट पडायची सवय झाली, आणि सासरच्यांना कळलं की ओलं खोबरं फक्त सणावारी वापरायचं नसतं.

मागच्या महिन्यात सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) राहायला आले. त्यांची साखर थोडी वाढली आहे, म्हणून मी कौतुकानं नाचणीची भाकरी केली. गरम, फुगलेली, वर लोण्याचा गोळा. अण्णांनी पाहिली, ताटाच्या कडेला सरकवली आणि भातावर आमटी घेतली. बोलले काहीच नाहीत. हा माणूस खाण्यापिण्यात अजिबात चोखंदळ नाही, बरं का. कारलं खातात, शिळी भाकरी दुधात कुस्करून खातात, मीठ कमी पडलं तर वाच्यता करत नाहीत. रात्री सासूबाईंकडून कळलं: "त्यांना लाल भाकरी चालत नाही. मिलोची आठवण येते."

मिलो हा शब्द मी ऐकला होता, पण पुस्तकातल्यासारखा. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल ज्वारी. पन्नास वर्षं उलटून गेली त्याला! आणि माझ्या नाचणीचा त्या ज्वारीशी रंग सोडला तर काही संबंध नाही. मी लहानपणी आजारी पडले की आई नाचणीची आंबील द्यायची. पावसाळ्यात नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बोंबील यापलीकडे मला काही लागत नाही. त्याच रंगाकडे बघून एक माणूस जेवणावरून मन काढून घेतो, याची मला गंमत वाटली आणि थोडं वाईटही वाटलं.

आपण आवडीनिवडीला "लाड" म्हणून उडवून लावतो. "सगळं खायला शिकलं पाहिजे" हे वाक्य माझ्याही तोंडात असतं. पण तुमच्या घरात अशी एखादी नावड आहे का, जिचं मूळ जिभेत नसून दुसरीकडेच कुठेतरी आहे? सविस्तर लिहा. पाककृती दिल्यात तरी चालेल.

बार्शीलाईट

ताई, पुस्तकातला नाही हो तो शब्द. आम्ही खाल्लीय.

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. मिलोचं पीठ तांबूस. आमच्या आईच्या हाताला मालदांडीची सवय, म्हणजे मोत्यासारखी पांढरी शाळू. काठवटीत आधणाचं पाणी घालून पीठ मळलं की असं रेशमासारखं व्हायचं. मिलोचं पीठ मळायला घेतलं की भाकरी थापताना कडा चिरायच्या, तव्यावर टाकताना मधून तुटायची. पापुद्रा धरायचा नाही. आई तुकडे जुळवून भाजायची आणि स्वतःवरच चिडायची. भाकरी मोडणं हा तिला तिच्या हाताचा अपमान वाटायचा. मला चव फारशी आठवत नाही, आईचा चेहरा आठवतो.

त्यातून गावात बोलवा असायची की तिकडं हे डुकरांना घालतात. खरं-खोटं कोण बघायला गेलंय? पण एकदा ते कानावर पडल्यावर घास कसा उतरणार.

आता उलटं सांगतो. त्याच दुष्काळात दुष्काळी कामावर आणि शाळेत सुकडी वाटायचे. गोडसर, भुग्यासारखी. ती मला आजही मिळाली तर मी ताटभर खाईन! दुष्काळ एकच, सरकार एकच, वर्ष एकच. एका वस्तूवरून मन उडालं आणि दुसरीवर जडलं.

नवी_विटी

धागा छान आहे, पण जरा जास्तच भावनिक होतोय असं नाही वाटत? काही नावडी सरळ शरीरातूनच येतात. मला कोथिंबीर साबणासारखी लागते. लहानपणी यावरून मार खाल्लाय. नंतर वाचलं की वासाच्या एका जनुकाशी, ओआर६ए२शी, याचा संबंध आहे. कोथिंबिरीतली अल्डिहाइडं काही नाकांना फार तीव्र जाणवतात. कडूचंही तसंच. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड उडाली. शेजारचा म्हणाला तोंड कडू झालं, ह्याला काहीच लागेना. तिथून कळलं की कडू चव सगळ्यांना सारखी लागतच नाही.

तेव्हा कारलं न खाणाऱ्या पोराला संस्कारांवरून बोलू नका, एवढंच म्हणणं. दिवे घ्या (म्हणजे हलकं घ्या).

निदान_नको

नवी_विटी, जनुकांचा मुद्दा बरोबर, पण तो थोड्याच चवींपुरता. कोथिंबिरीचंच घ्या. टोरांटोतल्या तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियाई वंशाच्या मंडळींत कोथिंबीर नावडणारे पूर्व आशियाई किंवा युरोपीय वंशाच्यांपेक्षा बरेच कमी निघाले. यात जनुकं किती आणि रोज आमटीवर भुरभुरलेली कोथिंबीर किती, हे सोडवणं अवघड आहे.

अण्णांच्या बाबतीत मला दोन गोष्टी दिसतात. (पेशाने डॉक्टर आहे, आहारतज्ज्ञ नाही.)

१९५५ मध्ये जॉन गार्सिया यांनी उंदरांना गोड पाणी पाजून किरणोत्सर्गात ठेवलं. उंदरांना मळमळलं. पुढे त्यांनी गोड पाण्याला तोंड लावणं सोडलं. पाण्याचा त्यात काही दोष नव्हता. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की खाणं आणि मळमळ यांत काही तासांचं अंतर असलं तरी मेंदू दोष अन्नालाच देतो, आणि एकच अनुभव पुरतो. कर्करोगाच्या औषधांवर असलेले पेशंट मला नेहमी सांगतात की त्या काळात खाल्लेला एखादा पदार्थ कायमचा सुटला. केमोमुळे मळमळलं हे त्यांना पक्कं माहीत असतं, तरीही. माहिती असून उपयोग होत नाही, हे महत्त्वाचं. म्हणून अण्णांना "नाचणी वेगळी, मिलो वेगळी" हे पटवायला जाऊ नका. त्यांना ते आधीच माहीत आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या आंबिलीची. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात ज्युली मेनेला यांनी काही गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस प्यायला दिला, काहींना बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना, काहींना नुसतं पाणी. वरचं खाऊ लागल्यावर पहिल्या दोन्ही गटांतल्या बाळांनी गाजराची चव असलेली पेज जास्त आवडीने स्वीकारली. हा अभ्यास २००१ चा. तुमच्या आईने तुमच्या वेळी कुळीथ आणि सुकी मासळी खाल्ली असणारच. म्हणजे तुमची आवड तुम्हाला दात येण्याच्या आधीची आहे.

खान्देशी_ठेचा

बाकी सगळं ठीक, पण भाकरीचा विषय निघाला आणि कळण्याच्या भाकरीचं नाव नाही? ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळायचे, दळतानाच मीठ घालायचं. रंगाला काळपट, दिसायला काही खास नाही. सोबत भरताच्या वांग्यांचं भरीत, हिरव्या मिरचीचं, वर कांद्याची पात. माझी बायको साताऱ्याची. पहिल्यांदा म्हणाली, "पीठ खराब झालंय का?" आता माहेरी जाताना पिशवी भरून नेते.

कुळीथपिठी

@निदान_नको, "माहिती असून उपयोग होत नाही" हे अगदी पटलं. मी खरंच पटवायला गेले होते, मोबाईलवर फोटो दाखवून!

@खान्देशी_ठेचा, रेसिपी मोजून द्या. ज्वारी किती, उडीद किती?

खान्देशी_ठेचा

आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं, भांडायला या.

उपासाचा_बटाटा

मंडळी, परका पदार्थ घशाखाली उतरत नाही असं म्हणता, तर उद्याच्या एकादशीचं ताट बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच, अँडीज पर्वतातला. शेंगदाणा तिकडचा. रताळं तिकडचं. हिरवी मिरची अमेरिका खंडातली. राजगिराही मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसाच्या आधी यातलं बहुतेक काही आपल्याकडे नव्हतं, मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. आणि ज्या गव्हा-तांदळावर आपण हजारो वर्षं जगलो ते उपासाला चालत नाहीत!

मग हे सगळे परके पवित्र झाले आणि बिचारी मिलो बाटली, असं का? ती पण अमेरिकेहूनच आली की.

अवांतर: आमच्याकडे उपासाला जिरं चालतं, कोथिंबीर नाही. मावशीकडे दोन्ही चालतं. आत्याकडे दोन्ही नाही. देव एकच आहे.

कोरडवाहू

बटाटेराव, प्रश्न चांगला विचारलात. उत्तर माझ्या मते सोपं आहे. बटाटा-साबुदाणा आपण हौसेनं आणि सावकाश घरात घेतला. मिलो रांगेत उभं राहून घ्यावी लागली.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती. ज्यांच्या घरी एरवी पेवात ज्वारी असायची ते बागायतदारही हातोडा घेऊन खडीवर बसले होते. माझ्या वडिलांच्या शब्दांत, "त्या साली पाटील आणि आम्ही एका ढिगावर बसलो." त्यामुळे मिलोची चीड सगळ्यांना सारखी नाही. ज्यांच्या घरात वर्षाचं धान्य भरलेलं असायचं त्यांना ती जास्त. आमच्या आजीला विचाराल तर ती म्हणायची मिलोनं पोरं जगवली. बलुत्यात मिळणारं धान्य कधी निवडून-पाखडून मिळालं नाही. तिच्या हाताला मोडणाऱ्या भाकरीची सवय आधीपासूनच होती.

"संस्कृतीनं आवड घडते" असं आपण म्हणतो तेव्हा मला विचारावंसं वाटतं, संस्कृती म्हणजे नेमकं काय? आमच्या घरात वाळवलेल्या मांसाच्या चान्या असायच्या. त्या कोरड्यासात टाकल्या की घरभर वास सुटायचा. मला तो वास आवडतो. पण शाळेत असताना त्या दिवशी मी मित्राला घरी येऊ द्यायचो नाही. आता मी शहरात आहे, पगार बरा आहे आणि चान्या मिळत नाहीत. मिळाल्या तरी सोसायटीत करणार कुठे? ही माझी आवड की नावड, तुम्हीच ठरवा.

तिरफळ

कोरडवाहू, शेवटच्या परिच्छेदाला +१००.

मी वेंगुर्ल्याचा, सध्या ठाण्याला भाड्याने राहतो. घर बघायला गेलो की पहिला प्रश्न "व्हेज का नॉनव्हेज". एका घरमालकांनी तर फार समजूतदारपणे सांगितलं, "तुम्ही मासे खा हो, फक्त सुके आणू नका." म्हणजे पापलेट चालेल, सुकट नको! ताजा मासा महाग, म्हणून तो सभ्य. सुकट पावसाळ्यात समुद्र बंद असताना गरिबाचं कालवण. वासाची तक्रार असते, पण हिंगाच्या वासाबद्दल कुणी भाडेकरूला विचारल्याचं ऐकलंय? पहिल्यांदा हिंग हुंगणाऱ्याचं तोंड बघा एकदा.

आमच्याकडची लाल गोष्ट म्हणजे उकड्या तांदळाची पेज. सकाळी पेज, सोबत खारातली कैरी नाहीतर भाजलेली सुकी मासळी. पुण्याच्या मित्राला वाढली तर म्हणाला, "भात जाड आहे आणि वास येतोय." आमच्या घरात सुरय (न उकडलेला), कोलम पाहुण्यांसाठी आणि उकडा घरच्यांसाठी. मला मात्र बारीक पांढरा भात खाल्ला की जेवल्यासारखंच वाटत नाही.

नवी_विटी

ओके, मी माझा मुद्दा थोडा मागे घेते. पण मग एक सांगा. तिखटाचं काय? तिखट ही चव नाही, ती जळजळ आहे. शरीर "थुंक" म्हणतंय आणि आपण वरून ठेचा मागतोय. आमच्या नागपुरात सावजीकडे माणसं रडत रडत जेवतात आणि पुढच्या रविवारी परत जातात.

निदान_नको

यावर पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाचं काम वाचण्यासारखं आहे. मेक्सिकोतल्या वाहाका भागातल्या एका गावात त्यांनी पाहिलं की पोरं पाच-सहा वर्षांची होईतो आपण होऊन मिरची खायला लागतात. कुणी सक्ती करत नाही. मोठी माणसं मजेत खाताना दिसतात, तेवढं पुरतं. पण त्याच गावातली डुकरं आणि कुत्री रोज मिरची घातलेलं खरकटं खात होती, आणि त्यांना निवड करू दिल्यावर ती बिनतिखट खाण्याकडे आधी वळली. म्हणजे नुसतं तोंडात रोज पडून भागत नाही. ज्यांचं आपल्याला कौतुक आहे अशी माणसं ते आवडीनं खाताना दिसावी लागतात.

बार्शीलाईट यांच्या आई मिलोची भाकरी करताना चिडायच्या. पोरानं भाकरीबरोबर तेही पाहिलं.

विचिटाकर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच. मी कॅन्ससमध्ये राहतो आणि इथे मिलोची शेतं आहेत!

अमेरिकेत सर्वात जास्त ज्वारी याच राज्यात होते, आणि इथले शेतकरी तिला मिलोच म्हणतात. ताटं आपल्या ज्वारीसारखी उंच नाहीत, कमरेएवढी, म्हणजे यंत्रानं कापायला सोपी. शरद ऋतूत कणसं तांबडी होतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं शेत पसरलेलं असतं. दिसतं सुंदर. बार्शीलाईट, तुमच्या गावातली बोलवा अगदीच खोटी नव्हती. इथे ही गुराढोरांना जाते, काही इथेनॉलला, काही परदेशी. माणसांनी खायचं धान्य म्हणून तिच्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं. आता मात्र गहू न चालणाऱ्यांसाठी ज्वारीचं पीठ दुकानात मिळतं, छान पाकिटात, गव्हाच्या पिठाच्या कैकपट भावानं. त्यासाठी पांढऱ्या दाण्याची ज्वारी वेगळी पिकवतात.

मी परभणीचा. भाकरीची तलफ आली की ते पीठ आणतो. भाकरी जमते, पण पीठ ताजं असेल तरच. जुन्या पिठाची हमखास चिरते. विचार करा, त्या काळी जहाजातून, गोदामातून, रेशन दुकानातून फिरत फिरत आलेला दाणा तुमच्या आईच्या काठवटीत पोचेपर्यंत किती महिने गेले असतील. त्यात त्यांच्या हाताचा दोष नव्हता.

बार्शीलाईट

विचिटाकर, हे आईला सांगायला हवं होतं. ती आता नाही. धन्यवाद.

कोरडवाहू

अजून एक राहिलं. लाल नाही, पण नावडती: हायब्रीड. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. पीक दणकून यायचं, पण खरिपातली. कणीस भरायच्या वेळी पाऊस लागला की दाणा बुरशीनं काळा पडायचा. त्या पिठाची भाकरी कशी होणार? म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी "हायब्रीड" ही शिवीच झाली. आजकालची पोरं हायब्रीड, भाज्या हायब्रीड, पाऊस पण हायब्रीड. उलट रब्बीची मालदांडी, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली, तीही शास्त्रज्ञांच्याच हातची. पण ती कोरड्या हवेत पिकते, दाणा पांढरा राहतो, कडबा गोड असतो, म्हणून ती "आपली" झाली.

आणि आज? पूर्वी आमच्याकडे गव्हाची पोळी सणाला आणि पाहुण्याला. आता रेशनवर गहू येतो आणि ज्वारी विकत घ्यायला परवडत नाही, कारण ती काढायला माणूस मिळत नाही. शहरातली मंडळी हुरडा पार्टीला तिकीट काढून येतात. २०२३ हे साल तर जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. माझ्या चुलत्यांनी विचारलं, "मग आम्ही इतकी वर्षं काय खात होतो, केक?"

कुळीथपिठी

काय सुंदर प्रतिसाद आलेत. एक भर घालते.

बार्शीलाईट यांची सुकडी वाचून मी काल अण्णांना विचारलं, "अण्णा, सुकडी कशी लागायची?" म्हणाले, "मला काय ठाऊक." ते तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे, खडीच्या कामावर. तिथे मिळालेली सुकडी फडक्यात बांधून घरी आणायचे, धाकट्या भावंडांना. त्यांच्या वाट्याला मिलोच. शेजारी बसलेल्या आत्याबाई मात्र लगेच, "गोड असायची, आम्ही भांडायचो तिच्यावरून!" आत्याबाईंना माझी नाचणीची भाकरी आवडते, हे आता लक्षात आलं. दोघं एकाच घरातली, दहा वर्षांचं अंतर.

सध्या तोडगा असा: अण्णांना मालदांडीची भाकरी, आम्हाला नाचणीची. साखरेसाठी डॉक्टरांनी भाकरीचा आकार कमी करायला सांगितलंय, ते त्यांनी निमूटपणे मान्य केलं. लेकीनं मध्येच जाहीर केलंय की तिला दोन्ही नको, तिला पावभाजी हवी.

उपासाचा_बटाटा

पावभाजीतला बटाटा, टोमॅटो, ढोबळी मिरची सगळे अमेरिकेचे आणि पाव पोर्तुगीजांचा. पोरीचं बरोबर आहे.

नवी_विटी

प्लीज कोथिंबीर वरून घालू नका.

तिरफळ

@कुळीथपिठी, नाचणीच्या भाकरीला पिठाची उकड काढता की आधणाच्या पाण्यात मळता? माझी भाकरी थंड झाली की चिवट होते.

कुळीथपिठी

उकड. पाणी खळखळ उकळलं की मीठ घालून आच बंद, मग पीठ टाकायचं, झाकून ठेवायचं आणि हाताला सोसवेल इतकं गरम असतानाच मळायचं. एका वेळी दोन-तीन भाकरींचीच उकड काढा. आणि पीठ महिन्याभरातच संपवा, वर विचिटाकर यांनी लिहिलंच आहे. तरी थंड झाल्यावर चिवट होणारच, नाचणी आहे ती. तव्यावरची ताटात घ्या.